बर्फात ठेवलेली पाल

प्रभादेवी
६ फेब्रुवारी २०२५

प्राची,

माझा नंबर ब्लॉक केलास. पोस्टमनला कसा करशील? म्हणून हे पत्र.

पत्ता भोईवाड्याच्या सीमाकडून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस. देतच नव्हती. प्राचीची शपथ आहे म्हणाली. मी तिच्या दारात माशाची पाटी घेऊन दोन तास बसले. सगळ्या जिन्याला बोंबलाचा वास सुटला तेव्हा दिला. वर बजावलं, "मावशी, पत्ता देते, पण निरोप नेणार नाही आणि फोटो पाठवणार नाही. तुमचं तुम्ही बघा." मैत्रीण बरी निवडलीस.

मी चौथी शिकलेली. लिहायला टायम लागतो, म्हणून लांबड लावत नाही. कामाचं सांगते.

बाजारात माझ्या बाजूला शेवंती बसते, करंदीवाली. तिच्या घरी एक पाल आली आहे. आपल्या भिंतीवरची नव्हे. वीतभर लांब. डोकं अंगाला भारी. डोळे ताज्या पापलेटाच्या डोळ्याहून मोठे, मिटतच नाहीत, जीभ बाहेर काढून आपले आपणच पुसते. आणि अंगावर खवले. शप्पत सांगते, माशाचे खवले. रावसाला असतात तसे एकावर एक बसलेले. तीस वर्षं खवले काढतेय, मला कळणार नाही? भिंतीवर तिला चढता येत नाही. जमिनीवरच चालते.

जवळ गेलं की पळत नाही. चारी पाय ताठ करून उभी राहते, पाठीची कमान करते, तोंड वासते. शेपटी डावीउजवी हलवते आणि त्या शेपटीतून आवाज येतो. तोंडातून नाही, शेपटीतून. सुक्या मांदेलीची पाटी हलवल्यावर येतो तसा, खर्र खर्र. एवढ्यावर ऐकलं नाही तर झेप घेते. केवढीशी आहे, आणि माणसाच्या अंगावर झेप घेते.

शेवंतीनं तिला धरली. आपण मासा धरतो तशीच, डोक्यामागे, अंगठा घट्ट दाबून. तर कातडं हातात आलं. शिजलेल्या बोंबलाचं सुटतं तसं. पालीची शेपटी तुटते हे माहीत आहे. कातडं निघतं हे कुठं ऐकलं नव्हतं. पाठीवर बोटभर जागा लाल उघडी पडली आहे. हळद लावली. खाली दादरच्या चौपाटीची वाळू घातली. दहीभात ठेवला, खात नाही. मांदेलीचा तुकडा ठेवला, बघत नाही.

तीन प्रश्न. विषारी आहे का? मरेल का? जगवायची कशी? तू सात वर्षं पालींच्या मागे धावतेस, तेवढ्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

मागचं मी काही काढत नाही. तूही काढू नकोस. सोबत आपला पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट ठेवलं आहे. निमित्त नको.

तुझी आई
गुणवंती


प्रभादेवी
१५ फेब्रुवारी

प्राची,

तुझं पत्र काल आलं. वर काही नाही. "आई" नाही, नमस्कार नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं सरळ सुरू. हळद धुऊन टाक. चौपाटीची वाळू काढ, ती खारट आहे, जखमेला चिकटते, खाली साधा कागद घाल. पेटीच्या एका बाजूला बल्ब लाव. छोट्या झाकणात पाणी ठेव. जिवंत किडे घाल. हात लावू नकोस. हात लावू नकोस दोनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी समजलं असतं.

खाली लिहिलंस, शेवंतीमावशी भिंतीवर पाल दिसली की करंदी टाकून पळते, ती ही कशी धरेल? बरं. नाही धरली शेवंतीनं. मी धरली. पाल आपल्या घरात आहे, मोरीच्या वरच्या फळीवर. झालं समाधान?

दीपेशनं आणली. तुझा भाऊ आता बोट सोडून माशांचा टेम्पो चालवतो, धक्क्यावरून बाजारात. ओळखीच्या एका माणसानं त्याला थर्मोकोलची पेटी दिली, दोन दिवस घरी ठेव, मी घेऊन जातो म्हणाला. आता त्या माणसाचा फोन लागत नाही. आत काय आहे ते दीपेशला माहीत नव्हतं. तो तसं म्हणतो. मी आई आहे, मी तसं धरून चालते.

तू पालीचं नाव लिहिलंस, ते माझ्या तोंडात बसत नाही. मी भवानी म्हणते. इराणकडच्या वाळवंटातली आहे, आपल्या देशात मिळतच नाही, चोरून आणून मोठ्या लोकांना विकतात, हे वाचून मी आधी दाराला कडी घातली. आणि तू दोन ओळींत लिहून मोकळी. "वनखात्याला दे आणि कुणी आणली ते खरं सांग." तिकडे राजस्थानच्या वाळवंटात बसून सोपं आहे. दीपेशला आत टाकलं तर? एक पोर गेलंच आहे माझं. दुसरंही हातानं नेऊन देऊ?

किती होत्या, असं विचारलंस. एकच. थंड पडली होती का, भिजली होती का, असं विचारलंस. थोडी भिजली होती. पुढे विचारू नकोस.

झुरळं पकडते आहे. आयुष्यभर चपलेनं मारली, आता बरणी घेऊन मोरीत उकिडवी बसते, जिवंत धरायला. औषध मारलेलं चालणार नाही लिहिलंस, म्हणून चाळीत दारोदार विचारत फिरते, "तुमच्याकडे फवारा मारला का?" लोकांना वाटतं म्युन्सिपाल्टीत लागले. परवा तिच्यापुढे एक मोठं सोडलं. बराच वेळ नुसती बघत राहिली. शेपटीचं टोक हललं, आणि मग असा घाव घातला की मी दचकले. कुडुम कुडुम आवाज आला.

तुला सांगायचं म्हणून सांगितलं.

गुणवंती


प्रभादेवी
२५ फेब्रुवारी

प्राची,

तुझ्या दुसऱ्या पत्रात वर "आई" आहे. बघितलं मी.

तू लिहिलंस, ही पाल तू कधी डोळ्यांनी पाहिली नाहीस, नुसती चित्रात. ते वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तू एवढी शिकलीस, आणि बघितली मी. मग पुढचं वाचलं आणि बरं वाटायचं थांबलं. "आई, तिला विष नाही. दात बारीक. आवाज करायचा, मोठं दिसायचं, एवढंच तिच्याकडे आहे. त्यानं भागलं नाही आणि कुणी धरलंच, तर कातडं सोडून द्यायचं आणि निसटायचं. तिला राग येत नाही. ती घाबरते." असं लिहिलंस. मला तर वाटलं होतं माजोरडी आहे.

आता मी सांगते ते बस आणि वाच.

एक नव्हती. तीन होत्या.

त्या दिवशी धक्क्यावरून आले, उशीर झाला होता. घरात दाराशी पेटी. थर्मोकोलची पेटी आमच्या घरात कशाची असते? झाकण उघडलं. आत कापडाच्या तीन पिशव्या, तोंडं बांधलेल्या, आत काहीतरी हळू हलतंय. मला वाटलं दीपेशनं शेवंडी आणल्या. जिवंत शेवंडी अशाच येतात, कापडात. घरात ऊन येत होतं. मला वाटलं मरतील, वास मारतील. पाटीत उरलेला बर्फ मी त्या तिन्ही पिशव्यांवर ओतला. दाबून बसवला. झाकण लावलं, वर ओलं गोणपाट टाकलं आणि बाजारात गेले.

कुणी विचारलं असतं तर छातीवर हात मारून सांगितलं असतं, मी जीव वाचवला.

संध्याकाळी उघडलं. दोन गार दगड झाल्या होत्या. पिशवीतून काढल्या तर पाय तसेच पसरलेले. तिसरी पण मेलीच समजून बाहेर काढून ठेवली ओट्यावर. चहा टाकला. चहाचा गॅस पेटलेला, त्याची ऊब लागली असेल, तर माझ्या मागून खर्र आवाज. वळते तर ही उभी. पाय थरथरताहेत, उभं राहवत नाही, आणि तोंड उघडून माझ्यावर शेपटी वाजवतेय. मी घाबरले. घाबरले आणि धरली. पुढचं तुला माहीत आहे.

मेलेल्या दोन मी कुठं टाकल्या ते विचारू नकोस. पुरल्या. दत्ताच्या देवळामागे. मोगऱ्याची दोन फुलं टाकली. हसू नकोस.

दीपेशशी रोज भांडण. काल म्हणाला, "आये, समुद्रात टाक आणि विषय संपव. तो माणूस आला तर सांगू मेल्या."

म्हटलं, "वाळूतली आहे रे ती. बुडेल."

"तर बुडेल! तुझी कोण लागते ती?"

"आणि तुझा तो माणूस कोण लागतो? मामा?"

"प्राचीनं भरवलंय तुला. घरात नाही तरी घरातच आहे ती!" असं ओरडून गेला. जेवला नाही.

तेवढ्यात तुझी चंपाआत्या आली. होळीची वर्गणी घ्यायला. फळीवर बल्ब पेटलेला बघून आत डोकावली. "गो माझ्या आये! हे काय पाळलंस? भाची पालींमागे गेली, आता भावजय पण? नवरा गेल्यावर माणसं पोपट पाळतात गो!" दात काढून हसली, बसली, पाणी मागितलं. आणि मग तिचं नेहमीचं सुरू. "माझा विठोबादादा चार दिवस खाटेवर तुझ्या पोरीच्या नावानं तळमळला. तू चार-चार फोन केलेस. उचलला नाहीन. असली पोर देव वैऱ्याला देऊ नये."

भवानी वर पेटीत आपली वाजवत होती. खर्र खर्र.

मी चंपाला पाणी दिलं. काही बोलले नाही.

का बोलले नाही ते तुला ठाऊक आहे. हात दुखतो आहे. बंद करते.

गुणवंती


प्रभादेवी
४ मार्च

प्राची,

आज बाजारात गेले नाही. हे पत्र लिहायला बसले आहे सकाळपासून. दोन कागद फाडले.

तुझ्या बाबांना दवाखान्यात टाकलं तेव्हा ते शुद्धीत होते. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन दिवसांत घरी न्या. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच. "पोरीला बोलाव गो." मी उशाशी. मी पेज भरवते, मी भांडं देते, मी रात्रीची लादीवर पडते. आणि तोंडात नाव तुझं. मला राग आला. नारळी पौर्णिमेला तू आली नव्हतीस, गणपतीला आली नव्हतीस, कसली तरी पालींची अंडी मोजत होतीस. म्हटलं, आता बोलावली की येईल, बापाचा हात धरून बसेल, आणि सगळे म्हणतील पोरगी किती गुणाची. मी कोण? भांडं देणारी.

मी त्यांना म्हटलं, केला फोन, येतेय.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, गाडीत बसली.

तिसऱ्या दिवशी दरवाजा वाजला की ते मान वळवायचे. मी बघत होते.

चौथ्या दिवशी पहाटे गेले.

एकही फोन केला नव्हता मी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. दीपेशलाही नाही. तो तेव्हा बोटीवर होता, त्याला पण त्याच दिवशी कळलं.

सीमानं तुला कळवलं, तू निघालीस, म्हणून त्यांना दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं. बर्फाच्या लाद्या मीच आणल्या धक्क्यावरून. बर्फ आणायचा तर आमच्याइतकं कोण जाणतं. रात्रभर वितळलेलं पाणी मी फडक्यानं टिपत होते. आणि लोक विचारत होते, पोरीला आधी कळवलं नव्हतं का? अख्खी गल्ली बसलेली. चंपा बसलेली. मी म्हटलं, चार फोन केले, उचलला नाही तिनं.

आलं तोंडात, बोलून गेले. एकदा बोललेलं मग माझं मलाच खरं वाटायला लागलं.

तू सकाळी आलीस. पाठीवर ती मोठी पिशवी, बूट धुळीनं भरलेले. दारातच चंपानं तुला ऐकवलं. तू म्हणालीस, "मला एकही फोन आला नाही." मी म्हटलं, "खोटं बोलते." बापाच्या प्रेतासमोर तुला खोटी पाडली. तू किंचाळलीस, "दाखव! तुझा फोन दाखव सगळ्यांना!" फोन माझ्या कमरेला होता. तू हात घातलास. मी तुझं मनगट धरलं. मासा धरतात तसं, अंगठा दाबून. म्हटलं, "हात लावू नकोस. मला नको आणि त्यांना पण नको."

मग तू काय केलंस ते सगळी गल्ली अजून सांगते. ओरडलीस, पाय आपटलेस, तांब्या भिंतीवर फेकलास. लोक म्हणाले काय पोर आहे, बापाची तिरडी दारात आणि हिचा तमाशा बघा. मी पण म्हटलं, बघा.

तू हिसका दिलास आणि सुटलीस. माझ्या नखात तुझ्या मनगटाचं सालटं राहिलं होतं. मी नंतर मोरीवर हात धुतले तेव्हा दिसलं.

तू त्यांच्या तोंडात पाणी न घालता गेलीस. मी घालू दिलं नाही.

आता तू वनखात्याला खरं सांग म्हणतेस. मी तीस वर्षं बाजारात बसते. शिळा मासा ताजा म्हणून कधी विकला नाही, हे कुणीही सांगेल. गिऱ्हाईकाला कल्ला उघडून दाखवते. आणि घरात हे.

उत्तर देऊ नकोस. हे उत्तरासाठी लिहिलं नाही. पाकीट पण घातलेलं नाही यात.

आई


प्रभादेवी
१७ मार्च

प्राची,

उत्तर आलं नाही. बरोबर केलंस.

भवानीला वनखात्यात नेऊन दिलं. गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी. आदल्या दिवशी दीपेशला समोर बसवलं. म्हटलं, मी उद्या जाणार आहे, तुझं नाव सांगणार आहे, यायचं तर ये. मला म्हणाला, "आये, तू माझी आई आहेस का कोण?" म्हटलं, "आहे, म्हणून आधी सांगते. तुझ्या बहिणीला तेवढंही सांगितलं नव्हतं." त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला पण सगळं सांगितलं, दवाखान्याचं. तो उठून बाहेर गेला. तासाभरानं आला, भिंतीकडे तोंड करून झोपला, पण सकाळी टेम्पोची चावी घेऊन दारात उभा.

पेटी मी मांडीवर घेतली. सारखं म्हणत होते, "हळू घे रे, खड्डा आहे." तो म्हणाला, "सुरमई नेतो तेव्हा नाही म्हणत." म्हटलं, सुरमई मेलेली असते.

तिथली मॅडम तुझ्याच वयाची असेल. झाकण उघडलं तर आमची भवानी लगेच चारी पायांवर, शेपटी वाजवायला तयार. मॅडमनं हात मागे घेतला. हातमोजे होते तरी घेतला. म्हटलं ही शिकलेली आहे. जखम बघून विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

"आणि बाकीच्या?"

"दोन मेल्या. त्याही मीच मारल्या. बर्फ घातला."

तिनं लिहून घेतलं. किडे कुठले घातले, कागद कधी बदलत होते, सगळं विचारलं. म्हणाली, जखम सुकते आहे, खालून नवं कातडं धरतंय. "कुणी शिकवलं तुम्हाला?" म्हटलं, माझी मुलगी तिकडे राजस्थानात पालींवर काम करते. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं मी ते, तोंड वाकडं न करता.

दीपेशला तीन तास बसवलं. त्यानं त्या माणसाचं नाव, नंबर, कुठं पेटी घेतली ते सगळं दिलं. तूर्त सोडलं आहे. भोईवाड्याच्या कोर्टात तारीख पडेल म्हणाले. टेम्पो अडकवून ठेवला आहे. दीपेश घरी आहे, जेवतो, पण माझ्याशी बोलत नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ शोभता.

मोरीवरची फळी रिकामी आहे. बल्ब काढला नाही अजून. संध्याकाळी सवयीनं बरणी घेऊन उकिडवी बसते आणि मग आठवतं.

आता होळीचं.

गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी होळी लागली, दरवर्षी लागते तिथंच. सगळे होते. चंपा नवी नऊवारी नेसून पुढे. होळी पेटली आणि बोंबा सुरू झाल्या. तुला माहीतच आहे, ज्याच्यावर राग त्याच्या नावानं बोंब. कुणी घरमालकाच्या नावानं, कुणी पाणीवाल्याच्या. चंपानं तोंडावर हात मारला आणि म्हणाली, "गुणवंती, तू कुणाच्या नावानं मारतेस गो? पोरीच्या?"

मी पुढे झाले. माझा आवाज तुला ठाऊक आहे, भर बाजारात टोकाला ऐकू जातो. मी तोंडावर हात मारून बोंब ठोकली, गुणवंतीच्या नावानं. लोक हसले. मला वाटलं आता मागे फिरावं, झालं की. मग म्हटलं, नाही. म्हटलं, "गुणवंतीनं नवरा मरताना पोरीला फोन केला नाही! एकही नाही! आणि पोरीला खोटं पाडलं! प्राची खरं बोलत होती!"

आधी सगळ्यांना गंमत वाटली. पोरं परत बोंबा मारायला लागली. मग मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. चंपा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दादा दाराकडे बघत होता गो. मी भेटायला आले होते तेव्हा. मला म्हणाला, गाडीत बसली आहे पोर."

म्हटलं, "मीच सांगितलं होतं त्यांना तसं."

चंपा रडली नाही, मारलं नाही. हातातला नारळ होळीत टाकला आणि निघून गेली. तेव्हापासून माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवते. बाजारात दोन-तीन जणी बोलत नाहीत. शेवंती बोलते. ती म्हणाली, "इतकी वर्षं बाजूला बसतेस आणि मला माहीत नाही." मग करंदी निवडत बसली. जाताना मूठभर माझ्या पाटीत टाकली, रोज टाकते तशी.

हे तुला बोलवायला लिहीत नाही. तू ये म्हणणार नाही मी. आलीस तर दार आहे. आलीस आणि ओरडलीस, तांब्या फेकलास, तर मी बाजूला उभी राहीन. तुला धरणार नाही.

अजून एक. काल दुपारी बाजारात फोन वाजला. नवाच नंबर. मी सुरमई कापत होते, हात रक्तानं आणि पाण्यानं भरलेले, तसाच उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडून काही नाही. वारा येत होता. कोरडा वारा, वाळूवरून येतो तसा असेल, मी कुठं ऐकलाय. मी परत हॅलो म्हणणार होते. कोण आहे, बोलायचं नाही तर लावला कशाला, हे सगळं जिभेवर आलं होतं. नाही बोलले. समोर गिऱ्हाईक ओरडत होतं, "मावशी, सुरमईचं काय झालं?" अर्धी कापलेली तशीच विळीवर. शेवंती खुणेनं विचारत होती, कुणाचा गो? मी तिला बोट दाखवून गप्प केलं. गिऱ्हाईक निघून गेलं. बराच वेळ मी आणि तो वारा. मग बंद झाला.

तू होतीस का, ते विचारत नाही. उलटा फोन लावला नाही, लावणार नाही.

परत वाजला तर उचलीन. हात कोरडे करून.

आई